गडावर वस्तू हरवली किंवा सापडली तर नेमकं काय करायचं

पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड उतरून गाडीपाशी आलो, खिसा चाचपला तर किल्ली नाही. सॅक रिकामी केली, रेनकोट झटकला, बुटात पण बघितलं. संध्याकाळचे साडेपाच, पाऊस चालू, सोबत चौघं आणि सगळ्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिस. मी परत वर जायला निघालो होतो, तेवढ्यात जिथे सकाळी पोहे खाल्ले त्या घरातल्या मावशींनी ओट्यावरूनच विचारलं, "काय हुडकता दादा?" सांगितलं. त्यांनी आत हाक मारली, पोरगा सायकलवर टांग टाकून गेला आणि वीस मिनिटांत बातमी आली की वाटेतल्या सरबतवाल्या आजींकडे एक किल्ली आहे. आजी उतरत होत्याच. आल्या, पदराची गाठ सोडली, आत कागदात गुंडाळलेली माझी किल्ली. ओली होऊ नये म्हणून बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन फाडून त्यात ठेवली होती.

तेव्हापासून मी हे मनावर घेतलंय. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दर सोमवारी कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवलेलं असतं, आणि बहुतेक जण नेमकं उलटं करतात, म्हणजे घरी येऊन नेटवर पोस्ट टाकतात आणि ज्या गावातून उतरले तिथे एका माणसालाही सांगत नाहीत. सह्याद्रीत हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस म्हणजे पायथ्याचं गाव. बारी, पाचनई, रतनवाडी, साम्रद, उधेवाडी, गुंजवणे, कुठेही जा, वस्तू सापडली की ती आधी गावात येते, फेसबुकवर नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, हरवणाऱ्यासाठी पण आणि ज्याला सापडतं त्याच्यासाठी पण.

हरवलंय कळलं की पहिली दहा मिनिटं

जागेवर थांबा. पळत मागे जाऊ नका. सगळ्यांना बसवा आणि ज्याची वस्तू हरवली त्याची सॅक दुसऱ्या कुणालातरी उघडायला सांगा, कारण घाबरलेला माणूस तोच कप्पा चार वेळा बघतो आणि पाचवा बघतच नाही. रेनकोटचा आतला खिसा, सॅकच्या वरच्या झाकणाचा कप्पा, पावसाळी कव्हर आणि सॅकच्या मधली फट, स्लीपिंग बॅगची पिशवी आणि मित्राची सॅक. हे शेवटचं हमखास असतं, "जरा धर रे" म्हणून दिलेलं असतं आणि दोघंही विसरलेले असतात.

मग सगळ्यांचे फोटो उघडा. फोटोला वेळ असते. चष्मा साडेअकराच्या फोटोत नाकावर आहे आणि सव्वाबाराच्या फोटोत नाही, म्हणजे त्या पाऊण तासात कुठे थांबलो ते आठवायचं. माझा अनुभव असा की चालता चालता वस्तू फार कमी पडतात, पडतात त्या बसल्यावर, रेनकोट काढताना-घालताना, शिडीवर वाकताना, पाणी भरताना आणि झाडामागे गेल्यावर. कळसूबाईला गेलात तर शिड्यांच्या खालची जागा आणि विहिरीपाशी, हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेच्या बाहेर जिथे सगळे बूट काढतात तिथे आणि कोकणकड्याच्या वरच्या कातळावर जिथे सगळे पोटावर झोपून खाली बघतात तिथे. पोटावर झोपलं की शर्टाच्या खिशातलं सगळं पुढे सरकतं. कड्यावरून खाली गेलेलं काही असेल तर ते गेलं, त्याच्यासाठी एक पाऊलही पुढे टाकायचं नाही.

परत शोधायला जायचं का

हा निर्णय वस्तूवर नाही, उजेडावर घ्यायचा. अंधार पडायच्या आत जाऊन परत येता येत असेल तरच जायचं, दोघांनी जायचं, टॉर्च घेऊन, आणि बाकीच्यांना किती वाजेपर्यंत परत येतो ते सांगून. पावसाळ्यात ओढा ओलांडून आला असाल तर विषयच संपला, दोन तासांत ओढ्याला किती पाणी वाढतं ते तिथल्या माणसाला विचारा, तो जा म्हणाला तरच जा. एकच अपवाद, कुणाचं औषध किंवा दम्याचा पंप हरवला असेल तर शोधत बसायचं नाही, सरळ त्या माणसाला खाली आणायचं आणि दवाखाना किंवा औषधाचं दुकान गाठायचं.

शोधायची पण पद्धत आहे. एकामागे एक चालत शोधलं तर तिघांनी एकच पट्टा बघितलेला असतो, म्हणून शेजारी शेजारी, हाताच्या अंतराने चला. एकाने वाटेवर बघायचं, एकाने वाटेच्या उताराकडच्या बाजूला, कारण किल्ली, लेन्सचं झाकण असल्या गोष्टी घसरून गवतात जातात. चढताना बघितलेली जागा उतरताना पुन्हा बघा, कोन बदलला की दिसतं. आणि उजेड कमी झाला असेल तर टॉर्च डोक्यावरून न मारता जमिनीलगत आडवी धरा, काच आणि धातू लगेच चमकतात. आमच्या एका मैत्रिणीची जोडवी अशीच सापडली, कारवीच्या बुंध्यात पानांखाली अडकलेली, उभ्याने दहा वेळा बघून दिसली नव्हती.

माकडाने नेलं असेल तर मागे धावू नका. माकड खाण्यासाठी नेतं, पिशवीत खायला नाही कळलं की टाकतं. थोडं लांब जाऊन शांत बसा, दगड मारू नका, तो झाडावर गेला की मोबाईल पण झाडावर जातो.

गावात कुणाला सांगायचं

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. नुसतं एका दुकानात सांगून निघू नका. मी या क्रमाने सांगतो.

पहिलं जिथे जेवलात किंवा राहिलात ते घर. तिथे तुमचा चेहरा ओळखीचा असतो आणि त्यांना त्यांच्या घराचं नाव राखायचं असतं. मग वाटेवर जे सरबत, ताक, काकडी विकायला बसतात ते, कारण संध्याकाळी सगळ्यात शेवटी वाट उतरतात ते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी चढतात ते पण तेच. मग अभयारण्याचा नाका, जिथे तुम्ही जाताना वहीत नाव लिहून पावती फाडलीत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात असा नाका असतो, त्या वहीतच तुमच्या नावापुढे काय हरवलं ते लिहायला सांगा, म्हणजे तुमचा नंबर शोधायला कुणाला त्रास नाही. पार्किंगची पावती देणारा मुलगा. आणि वस्तू मोठी असेल, पाकीट, दागिना, कॅमेरा, तर पोलीस पाटील. पोलीस पाटलांचं घर कुणीही दाखवतं आणि त्यांच्याकडे सांगितलेलं गावात आपोआप पोचतं.

सांगताना आवाज आणि शब्द सांभाळा. "कुणी उचललं असेल तर देऊन टाका" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, शहरातून आलेल्या एका ग्रुपने भर चौकात म्हटलेलं. त्यानंतर त्या गावातलं कोण शोधायला जाईल? "मामा, वाटेत माझा चष्मा पडलाय, कुणाला दिसला तर या नंबरवर सांगाल का" एवढंच म्हणायचं.

आणि नंबर कागदावर लिहून द्या, मोठ्या अक्षरात, पेनाने, मराठीत. त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिलेला नंबर नंतर सापडत नाही, पण देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीवर चिकटवलेला कागद वर्षभर राहतो. कागदावर तुमचं नाव, वस्तू, तारीख आणि दोन नंबर, एक तुमचा आणि एक घरचा. फोनच हरवला असेल तर स्वतःचाच नंबर लिहून देऊ नका, गडबडीत लोक हे पण करतात.

फोन हरवला असेल तर

आधी त्याच्यावर रिंग करा, पण गडावर रेंज तुकड्या-तुकड्यात असते हे लक्षात ठेवा. "बंद आहे" ऐकू आलं म्हणजे कुणी बंद केला असं नाही, तो रेंजबाहेरच्या खाचेत पडलेला असू शकतो. गुगलचं फाइंड हब, म्हणजे आधीचं फाइंड माय डिव्हाइस, किंवा आयफोनचं फाइंड माय दुसऱ्याच्या फोनवरून उघडून शेवटचं ठिकाण बघा आणि स्क्रीनशॉट काढा. फोन सायलेंटवर असला तरी तिथून जोरात वाजवता येतो, फक्त त्याला इंटरनेट मिळायला हवं. तिथूनच फोन लॉक करून स्क्रीनवर मेसेज पण टाकता येतो, घरचा नंबर त्यात टाका.

सिम लगेच बंद करावं का यावर आमच्यात कायम वाद होतात. माझं मत सांगतो. फोनला लॉक आहे आणि तो वाटेवर पडला याची खात्री आहे तर त्या संध्याकाळपर्यंत सिम चालू ठेवा, कारण सापडलेल्या माणसाला तुमचा फोन वाजला तरच कळणार की हा कुणाचा. पण बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड मात्र त्याच मिनिटाला बंद करा. फोनला लॉकच नसेल किंवा तो गर्दीत, लोकलमध्ये, स्टँडवर गेला असेल तर वाट बघू नका, सिमसकट सगळं बंद.

दुसऱ्या दिवशीपर्यंत मिळाला नाही तर पोलिसांकडे नोंद करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर हरवलेल्या वस्तूची नोंद ऑनलाइन होते, तिची प्रत मिळते. ही फक्त हरवल्याची नोंद, चोरी झाली असेल तर पोलीस ठाण्यात एफआयआरच करावा लागतो. ती प्रत घेऊन संचार साथी या सरकारी वेबसाइटच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून फोन ब्लॉक करा, ही सोय २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर आहे. ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवीन सिम लागतं, म्हणून आधी डुप्लिकेट सिम काढा. आयएमईआय फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो, आणि आज हे वाचताय तोवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून तो लिहून पण ठेवा, ड्युअल सिम असेल तर दोन नंबर येतात, दोन्ही लिहा. एक गोष्ट लोक विसरतात, ब्लॉक केलेला फोन नंतर सापडला तर त्याच पोर्टलवर जाऊन अनब्लॉक करावा लागतो, नाहीतर फोन हातात आहे पण कुठलंच सिम चालत नाही. त्यासाठी मिळालेला रिक्वेस्ट नंबर जपून ठेवा.

पाकिटाचं थोडक्यात. कार्ड बंद, आधारचं बायोमेट्रिक आधारच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरून लॉक, अडचण आली तर १९४७ वर फोन, लायसन्स आणि आरसीची दुसरी प्रत परिवहनच्या पोर्टलवरून. खरं तर गडावर जाताना ओरिजिनल न्यायचंच कशाला, डिजिलॉकरमध्ये ठेवा.

गाडीची किल्ली हरवली तर काच फोडू नका. घरून दुसरी किल्ली शेवटच्या गाडीने मागवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. बाईक असेल तर राजूर, घोटीसारख्या बाजारगावातून किल्लीवाला बोलावता येतो का ते गावातच विचारा, आणि रात्र काढायची वेळ आली तर गाडी कुणाच्या तरी अंगणात लावा.

येता-जाता लोकल आणि एसटीत राहिलं तर

कसाऱ्याच्या, कर्जतच्या लोकलमध्ये सॅक राहिली तर १३९ वर फोन करा किंवा पुढच्या स्टेशनवर आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाला, सांगा. गाडीची वेळ, कितवा डबा, कुठल्या बाजूचा रॅक, एवढं सांगितलं की काम होतं. आरपीएफ हे काम "ऑपरेशन अमानत" नावाने करतं, सामान ओळख पटवून परत देतात.

एसटीत राहिलं तर तिकीट फेकू नका, त्यावरून गाडी आणि वाहक कळतो. वाहक वस्तू डेपोत किंवा स्टँडवर वाहतूक नियंत्रकाकडे जमा करतो, तिथे विचारा. पायथ्याच्या गावाला मुक्कामी गाडी असेल तर आणखी सोपं, ती गाडी रात्री गावात असते आणि सकाळी निघते, वाहकाला गावातलं घर माहीत असतं. जीपवाल्याचा नंबर मात्र बसतानाच घेऊन ठेवा, कारण नंतर "पांढरी जीप" एवढंच आठवतं.

ग्रुपवर मेसेज कसा टाकायचा

"माझा गॉगल हरवलाय कुणाला सापडला का" याचा काही उपयोग नाही. असा टाका:

"रविवार, सकाळी ११.३० ते १२.१५, कळसूबाई, बारीची वाट, दुसऱ्या आणि तिसऱ्या शिडीच्या मध्ये, तपकिरी केसमधला चष्मा हरवलाय. गावात अमुक घरी सांगून ठेवलंय, सापडल्यास तिथे द्यावा किंवा या नंबरवर कळवावं."

यात मुद्दाम एक खूण सांगितलेली नाही. केसच्या आत दुकानाचं स्टिकर आहे, किंवा काडीला पांढरा दोरा बांधलाय, ते लपवून ठेवा. कुणी "माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" म्हणालं तर तीच खूण विचारा. फोटोशिवाय पैसे पाठवू नका, आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नका, हरवलेल्या फोनच्या नावाखाली ओटीपी मागणारे फोन येतात. वस्तू मिळाली की त्याच मेसेजखाली "मिळाली" लिहा, नाहीतर बिचारे लोक महिनाभर फॉरवर्ड करत राहतात.

तुम्हाला सापडली तर

वस्तू सापडली की आधी ठरवायचं की ती हरवलेली आहे की ठेवलेली. काठी, पाण्याचा कॅन, बूट, गुंडाळलेली ताडपत्री यातलं बरंच काही गुराख्यांनी, लाकडाला गेलेल्या बायकांनी परत येताना न्यायचं म्हणून ठेवलेलं असतं. झाडाला टांगलेलं असेल किंवा दगडाखाली दाबलेलं असेल तर हात लावू नका.

हरवलेली आहे असं वाटलं तर पाच मिनिटं तिथेच थांबा, हाक मारा, मालक बहुतेक वेळा मागेच असतो. मग जागेचा फोटो काढा, वस्तूचा नाही, जागेचा, आणि वस्तू सोबत घेऊन तुम्ही ज्या गावात उतरताय तिथे द्या. इथे एक अडचण असते, लोक हरिश्चंद्रगड चढतात खिरेश्वरवरून आणि उतरतात पाचनईला, मग मालक एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे. म्हणून खिरेश्वरच्या वाटेवरच्या तोलारखिंडीच्या बाजूला सापडलं असेल तर वरच्या हॉटेलवाल्या दादांना विचारा की खिरेश्वरला कोण उतरतंय, त्याच्या हाती पाठवा, आणि ग्रुपवर दोन्ही गावांची नावं लिहा.

फोन सापडला तर उघडायचा प्रयत्न करू नका, फक्त चालू ठेवा आणि वाजला की उचला. लॉक स्क्रीनवर इमर्जन्सीमध्ये कधी कधी घरचा नंबर असतो, तो बघायला हरकत नाही. भिजलेला असेल तर चार्जिंगला लावू नका. पाकीट सापडलं तर दोन जणांसमोर पैसे मोजा, आणि आधारचा फोटो ग्रुपवर टाकू नका, प्लीज. नाव आणि गाव एवढंच लिहा, आडनाव पण अर्धंच.

कायदा पण याच बाजूला आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू तुम्ही ताब्यात घेतली की ती दुसऱ्याची ठेव असल्यासारखी सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि मालकाचा शोध न घेता ती बेइमानीने स्वतःची म्हणून वापरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. उलट मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागायचा हक्क सापडणाऱ्याला आहे. म्हणून बक्षीस जाहीर करताना विचार करून आकडा लिहा, आणि लिहिला तर द्या.

जुनं काही सापडलं, शिवराई म्हणजे शिवकाळातलं तांब्याचं नाणं, खापर, तोफगोळा, कोरलेला दगड, तर ते हरवलेल्या वस्तूंत धरायचं नाही आणि घरी तर अजिबात आणायचं नाही. जिथे आहे तिथेच फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला आणि पोलीस पाटलांना कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. रायगडावर २०२१ मध्ये उत्खननात सोन्याची बांगडी निघाली, ती जागेवरच नोंदली गेली म्हणून ती कुठल्या वाड्यात, कुठल्या थरात होती याचा अभ्यास करता येतो. तीच कुणी खिशात घालून आणली असती तर नुसतं सोनं राहिलं असतं.

परत घेताना

ज्याने वस्तू सांभाळली त्याचा दिवस मोडलेला असतो. आजींनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, हात जोडून नाही म्हणाल्या, मग मी त्यांच्याकडचं उरलेलं सगळं सरबत घेतलं आणि पुढच्या वेळी त्यांच्या नातवासाठी वह्या नेल्या. पण तरुण पोरगा खास गडावर जाऊन शोधून आणत असेल तर त्याला दिवसाची मजुरी द्या, आधीच ठरवा, आणि नाही सापडलं तरी द्या. कुरिअरच्या भानगडीत त्यांना घालू नका, जवळचं पोस्ट लांब असतं आणि पॉवरबँक, बॅटरी पाठवताना अडचण येते. पुढच्या शनिवारी त्या गावाला जाणारा कुणीतरी ग्रुपवर असतोच, त्याच्या हाती हातोहात मागवा.

निघायच्या आदल्या रात्री

दहा मिनिटांचं काम आहे. सॅकच्या आत, टॉर्चवर, बाटलीवर, चष्म्याच्या केसमध्ये कापडी चिकटपट्टीवर पक्क्या मार्करने नाव आणि घरचा नंबर लिहा, वरून पारदर्शक टेप. नंबर नसेल तर माणूस प्रामाणिक असूनही काही करू शकत नाही. फोनच्या लॉक स्क्रीनवर आईचा किंवा बायकोचा नंबर. किल्लीला भडक रंगाची लांब लेस, ती सॅकच्या आतल्या हुकला अडकवा आणि दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाकडे. काळ्या वस्तू शक्यतो नकोत, ओल्या कातळावर काळं काहीच दिसत नाही. आणि प्रत्येक थांब्यावरून उठताना शेवटच्या माणसाने मागे वळून जागा बघायची, आमच्याकडे हे काम ज्याच्या नावावर आहे तो कधीच पुढे चालत नाही.

आणि एवढं सगळं करून नाही मिळालं तर तो नंबरचा कागद गावात राहू द्या. पावसाळ्यात गवत कमरेइतकं असतं, दिवाळीनंतर ते वाळतं, कापलं जातं, लाकडाला बाया वाटेवरून आत जातात. आमच्यातल्या एकाचं घड्याळ श्रावणात पडलं होतं आणि पौषात फोन आला. त्याने उचलला तर पलीकडून एक आजोबा विचारत होते, "ते काट्याचं घड्याळ तुमचंच का? पट्टा कुजलाय, पण चावी दिली तर चालतंय."